०.२ की १.२? अतिशुद्ध तांब्यातल्या लोखंडाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान कारखान्यात इलेक्ट्रोलिसिसने शुद्ध केलेलं तांबं निर्वात भट्टीत पुन्हा वितळवून त्याच्या लाद्या ओततात. ग्राहकाला ‘सिक्स नाइन’ माल हवाय, म्हणजे ९९.९९९९ टक्के शुद्ध. एकाच लादीचे दोन तुकडे दोन प्रयोगशाळांकडे पाठवले. पहिलीने ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे जीडीएमएसवर, लोखंड ०.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.२ भाग, दिलं. दुसरीने तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे द्रावण तप्त प्लाझ्मात फवारून आयन वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, १.२ पीपीएम दिलं. सिक्स नाइनमध्ये सगळ्या अशुद्धी मिळून १ पीपीएमच्या आत बसाव्या लागतात. त्यामुळे एका कागदावर माल पास आणि दुसऱ्यावर एकट्या लोखंडापायीच नापास. यातला खरा आकडा कुठला, आणि स्वतःचं यंत्र घ्यायचं तर कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

माझा अंदाज आधी सांगतो. दोन्ही यंत्रांनी समोर आलं ते प्रामाणिकपणे मोजलं असावं. पहिल्या यंत्रासमोर तुमचं तांबं होतं. दुसऱ्यासमोर तुमचं तांबं, तुमची करवत, त्यांचं ॲसिड आणि त्यांच्या खोलीतली हवा असं सगळं एकत्र होतं. पण हा अंदाजच आहे आणि अंदाजावर सर्टिफिकेट काढता येत नाही. तो पडताळायला नवं यंत्र लागत नाही, एक आठवडा लागतो. गेली सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून तो आठवडा कसा घालवावा ते सविस्तर लिहितो. यंत्राचं शेवटी बघू.

आधी आपण कुठे उभे आहोत ते डोळ्यांपुढे आणा. लंडन मेटल एक्स्चेंजचा ग्रेड ए कॅथोड म्हणजे बाजारातलं उत्तम तांबं. त्यात एकूण अशुद्धी ६५ पीपीएमपर्यंत आणि त्यापैकी लोखंड १० पीपीएमपर्यंत चालतं. तुम्ही त्याच्या कितीतरी खाली उतरला आहात. एका टनात एक ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आपल्या हातात टन कधीच नसतो, असतो ०.१ ग्रॅमचा तुकडा. त्यातलं ०.२ पीपीएम लोखंड म्हणजे २० नॅनोग्रॅम. आता २० मायक्रोमीटर व्यासाचा लोखंडाचा एक कण घ्या, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून बारीक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवेल न जाणवेल असा. त्याचं वजन सुमारे ३३ नॅनोग्रॅम भरतं. असा एकच कण बीकरमध्ये पडला तर तुमच्या तांब्यातल्या सगळ्या लोखंडापेक्षा जास्त लोखंड त्याने एकट्याने आणलं. मिठाचं तर विचारूच नका. जेवणातल्या मिठाचा एक बारीक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. तो ०.१ ग्रॅमच्या नमुन्यात पडला तर सोडियम दोनशे पीपीएमच्या वर जातं.

आणि आपल्याकडची धूळ साधी नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट लोखंडाने भरलेला, कोकणातला जांभा त्याहून जास्त. मे महिन्यात खिडकीच्या कठड्यावर बसते ती तांबूस धूळ म्हणजे आपल्या दृष्टीने लोखंडच. रायगड-रत्नागिरीकडच्या एखाद्या साध्या प्रयोगशाळेत, पंखा चालू असताना, उघड्या बीकरमध्ये तांबं विरघळवून सब-पीपीएम लोखंड मोजायला जाणं म्हणजे पावसात उभं राहून घाम मोजण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट समजून घेतली पाहिजे ती ९९.९९९९ या आकड्याची. सोन्याला आपण ‘बावनकशी’ म्हणतो. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस ओळखतो. त्याहून काटेकोर हवं असेल तर मुशीत गाळून उरलेलं सोनंच तोलतो. दोन्हीकडे मोजलं जातं ते सोनं. तुमच्या तांब्याला हा रस्ता बंद आहे. मुख्य धातू थेट मोजण्याची कितीही उत्तम पद्धत घेतली तरी ती शेकड्यात दुसऱ्या दशांशापर्यंत पोहोचते, चौथ्या दशांशापर्यंत कधीच पोहोचत नाही. म्हणून आपण तांबं मोजतच नाही. तांबं नसलेलं जे जे आहे ते मोजतो आणि शंभरातून वजा करतो.

या वजाबाकीत तीन पळवाटा आहेत. कुठलंही सर्टिफिकेट हाती घेतलं की मी आधी त्या तिन्ही तपासतो. मोजली किती मूलद्रव्यं? वीस मोजून उरलेली शून्य धरली असतील तर तो आकडा त्या विसांपुरताच. दुसरं, जी सापडली नाहीत त्यांचं काय केलं? ‘०.०५ पेक्षा कमी’ अशी चाळीस मूलद्रव्यं असतील तर बेरजेत ती शून्य धरायची की चाळीस गुणिले ०.०५, म्हणजे २ पीपीएम? पहिल्या रीतीने माल सिक्स नाइन ठरतो, दुसऱ्या रीतीने नाही. आणि तिसरी पळवाट वायूंची. ‘मेटल्स बेसिस’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन आणि बहुधा गंधकही हिशोबात धरलेलं नाही. ऑक्सिजन-फ्री इलेक्ट्रॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सी१०१०० प्रतीच्या तांब्यातसुद्धा ऑक्सिजन ५ पीपीएमपर्यंत चालतो. तेव्हा धातूंच्या हिशोबात सिक्स नाइन असलेल्या तुमच्या लादीत ऑक्सिजन २ पीपीएम असू शकतो, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. ग्राहकाशी हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. वायू मोजायचे ठरले तर वेगळं यंत्र लागतं. त्यात ग्रॅफाइटच्या मुशीत, हेलियमच्या प्रवाहात नमुना वितळवतात आणि निघालेला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइडच्या रूपात मोजतात. तिथेही पृष्ठभाग फसवतो. एक ग्रॅमच्या घनावर ५ नॅनोमीटर ऑक्साइडचा थर असला तरी अर्ध्या पीपीएमच्या आसपास ऑक्सिजन जास्त दिसतो.

आता लोखंडाकडे.

तुकडा कापलात कशाने? मला वाटतं हॅक्सॉने किंवा हाय-स्पीड स्टीलच्या कटरने. तांबं मऊ आणि चिवट. पात्याचे सूक्ष्म कण त्यात रुततात आणि वरून तांब्याचीच साल त्यांच्यावर चढते. नुसत्या ॲसिटोनने पुसून ते निघत नाहीत. जर्मेनियमसारखा ठिसूळ धातू जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून फोडता येतो, तांबं कापावंच लागतं. म्हणून कापल्यावर त्याचा वरचा थर उतरवणं हा तयारीतला वरकड भाग समजू नका, मोजमाप तिथूनच सुरू होतं.

पहिला प्रयोग इथूनच करा. लादीचा साधारण १ सेंटिमीटरचा घन कापून घ्या, वजन ९ ग्रॅमच्या आसपास भरेल. तो पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं ठेवून धुवा. मग स्वच्छ पीएफए (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) बीकरमध्ये पातळ नायट्रिक ॲसिड, एक भाग ॲसिडला तीन भाग पाणी, घेऊन त्यात घन बुडवा आणि ०.१ ग्रॅम वजन घटेपर्यंत ठेवा. तेवढं घटलं म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे १९ मायक्रोमीटरचा थर गेला. ते द्रावण बाजूला ठेवा, घन धुवा आणि नव्या ॲसिडमध्ये पुन्हा बुडवा. असे सहा थर उतरवा आणि सहाही द्रावणांतलं लोखंड मोजा. तीव्र नायट्रिक वापरू नका, त्यात लोखंडाचे कण वरून निष्क्रिय होतात आणि चिकटून राहतात. चिमटा प्लास्टिकचा घ्या. स्टेनलेस स्टीलचा चिमटा ॲसिडच्या वाफेजवळसुद्धा नको.

लोखंड पृष्ठभागाचं असेल तर आकडे जिन्यासारखे उतरतील आणि तिसऱ्या-चौथ्या थरानंतर सपाट होतील. कितीवर सपाट झाले याला अजून महत्त्व देऊ नका, त्यात ॲसिडचं लोखंड मिसळलेलं आहे. कितव्या थरानंतर सपाट झाले एवढंच टिपून ठेवा. यापुढे प्रत्येक नमुन्याचा तेवढा थर उतरवल्याशिवाय तो कुठेच पाठवायचा नाही, जीडीएमएसलाही नाही.

दुसरा प्रयोग मला सगळ्यात प्रिय आहे, आणि तो इतका साधा आहे की लोक करत नाहीत. थर उतरवलेल्या तांब्याचे ०.१, ०.२ आणि ०.४ ग्रॅमचे तुकडे घ्या, प्रत्येकी तीन. सगळ्यांना तेवढंच ॲसिड, तेवढाच वेळ, तसंच भांडं, आणि शेवटी प्रत्येक द्रावण २०० मिलिलिटर करा. मग पीपीएम काढायचं सोडून प्रत्येक बाटलीत एकूण किती नॅनोग्रॅम लोखंड आहे ते लिहा. ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय नुसत्या ॲसिडचा आकडा, वजा करू नका. समजा आकडे असे आले: ०.१ ग्रॅमला १२०, ०.२ ला १४० आणि ०.४ ला १८०. आडव्या अक्षावर तांब्याचं वजन, उभ्यावर लोखंड घेऊन रेषा काढा. उतार येतो ग्रॅममागे २०० नॅनोग्रॅम, म्हणजे ०.२ पीपीएम. हे तांब्यातलं लोखंड. आणि वजन शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला छेदते १०० नॅनोग्रॅमवर. हे ॲसिडचं, पाण्याचं, भांड्याचं, हवेचं. आता कुणी फक्त ०.१ ग्रॅमचा तुकडा घेतला आणि १२० ला ०.१ ने भागलं तर उत्तर काय येतं? १.२ पीपीएम.

हे आकडे मी मुद्दाम तुमच्या दोन कागदांना जुळतील असे घेतलेत, तुमच्याकडे ते वेगळे येतील. पण दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत सहा पट फरक पडायला यंत्र बिघडावं लागत नाही हे त्यातून दिसतं. तुम्ही म्हणाल, त्यांनी ब्लँक वजा केला असेलच. केला असेल. पण बहुतेक ठिकाणी ब्लँक म्हणजे एका बाटलीत तेच ॲसिड ओतून मोजलेला आकडा. त्या बाटलीत धातू विरघळताना सुटणाऱ्या तपकिरी वाफा नव्हत्या, ती तितका वेळ तापवली नव्हती आणि कुणी तीनदा उघडून आत पाहिली नव्हती. नमुना ज्या ज्या पायरीतून गेला त्या प्रत्येक पायरीतून ब्लँकही जायला हवा, आणि एक पुरत नाही, किमान दहा हवेत. सरासरी वजा करता येते, चढउतार वजा करता येत नाही. ब्लँक सरासरी १०० नॅनोग्रॅम असेल आणि त्याचं प्रमाण विचलन १० असेल, तर तिप्पट विचलनाच्या नेहमीच्या नियमाने ३० नॅनोग्रॅमच्या खालचं काही दिसत नाही. ०.१ ग्रॅम तांब्यात ३० नॅनोग्रॅम म्हणजे ०.३ पीपीएम. थोडक्यात, त्या रीतीने तुमचं ०.२ पीपीएम लोखंड दिसणंच शक्य नव्हतं, मग यंत्राची शोधमर्यादा पत्रकात कितीही कमी छापलेली असो. तोच तुकडा ०.४ ग्रॅमचा घेतला असता तर मर्यादा ०.०७५ वर आली असती.

एक सावधगिरी. पृष्ठभागावरचं लोखंडही तुकड्याच्या आकारासोबत वाढतं, त्यामुळे थर न उतरवता हा आलेख काढलात तर उतारच खोटा येईल. दोन्ही प्रयोग याच क्रमाने करा.

ब्लँकबद्दल मी इतका आग्रह का धरतो त्याला कारण आहे. उमेदीच्या काळात मी एका प्रयोगशाळेत होतो. तिथे तीन आठवडे लोखंडाचे आकडे आठवड्याच्या सुरुवातीला कमी आणि गुरुवार-शुक्रवारी जास्त येत होते. मी ॲसिड बदललं, पाणी बदललं, यंत्राचे कोन (आयन आत घेणारे धातूचे शंकू) बदलले. तोवर माझ्या सहीने दोन बॅचेस नापास झाल्या होत्या. ज्या माणसाने तो धातू गाळला होता त्याने बिचाऱ्याने रात्रपाळी करून सगळं शुद्धीकरण पुन्हा केलं. शेवटी एका ज्येष्ठ बाईंच्या सांगण्यावरून फ्यूम हूडमध्ये पाच ठिकाणी स्वच्छ ॲसिडची उघडी भांडी आठ तास ठेवली. चारांत काही नव्हतं. पाचव्यात लोखंड भरपूर. त्याच्या बरोबर वर, हूडच्या छतात, एक स्टीलचा बोल्ट ॲसिडच्या वाफेने गंजला होता. सोमवारी तो कोरडा असायचा, आठवडाभर वाफ लागून ओलावला की गंजाचे पापुद्रे खाली पडायचे. धातू पहिल्यापासून चांगला होता. त्या माणसाची ती रात्रपाळी मी विसरलेलो नाही. तेव्हापासून नव्या जागी गेलो की पहिल्या दिवशी उघडी भांडी मांडतो. तुम्हीही मांडा, फुकट आहे.

हा लढा जुना आहे. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचं वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. त्यासाठी उल्केतल्या शिशाचे समस्थानिक मोजताना त्यांची वर्षं गेली ती हवेतल्या, भांड्यांतल्या आणि हातांवरच्या शिशाशी झगडण्यात. त्यातूनच कॅल्टेकमधली त्यांची स्वच्छ प्रयोगशाळा उभी राहिली. धातूंच्या कामात आपण तेच करतो, फक्त शिशाच्या जागी लोखंड, सोडियम, कॅल्शियम आणि झिंक. पावडर लावलेले हातमोजे झिंक आणतात, भिंतीचा रंग टायटॅनियम.

आता यंत्रांबद्दल. आयसीपी-एमएसवर लोखंडाचं मुख्य समस्थानिक ५६. आर्गॉनच्या प्लाझ्मात आर्गॉन आणि ऑक्सिजन जोडी जमवून नेमके त्याच ५६ वर येऊन बसतात. त्यांना वेगळं करायला सुमारे २,५०० रिझोल्यूशन (जवळजवळची वस्तुमानं सुटी ओळखण्याची ताकद) लागतं, ते साध्या क्वाड्रपोल प्रकारच्या यंत्राला जमत नाही. म्हणून हेलियम किंवा हायड्रोजन भरलेल्या सेलमधून आयन नेऊन ती जोडी अडवतात किंवा मोडतात. दुसऱ्या प्रयोगशाळेला विचारा, सेल चालू होता का, कुठला वायू होता. तांब्याने आणखी एक सापळा लावून ठेवलाय आणि त्यात चांगले लोक अडकलेले पाहिलेत. रोडियम हे इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे संकेताचा चढउतार दुरुस्त करायला मुद्दाम घातलेलं मूलद्रव्य म्हणून, फार वापरतात, त्याचं वस्तुमान १०३. तांबं ६३ आणि आर्गॉन ४० जोडले की होतात १०३. म्हणजे तांब्याच्या द्रावणात रोडियम फुगून दिसतं, आणि सॉफ्टवेअर त्या हिशोबाने बाकी सगळे आकडे खाली ओढतं. लोखंडासाठी स्कँडियम घ्या. झिंकही तांब्यात अवघड. ६४ वर तांब्याचा हायड्राइड आणि ६३, ६५ या दोन प्रचंड शिखरांचे पाय, ६६ वर पुन्हा हायड्राइड. तिथे ६७ किंवा ६८ वर जावं लागतं.

द्रावणात तांबं लिटरला २ ग्रॅमच्या वर नेऊ नका, कोनवर थर बसतो. एवढं तांबं असताना संकेत दबतो, म्हणून प्रत्येक वजनाच्या द्रावणावर स्टँडर्ड ॲडिशन करा, म्हणजे माहीत असलेलं लोखंड त्यात घालून संकेत किती वाढतो ते बघा. पण हे ध्यानात ठेवा की स्टँडर्ड ॲडिशन तो दाब दुरुस्त करतं, ब्लँक दुरुस्त करत नाही. पुष्कळ अहवालांत ‘स्टँडर्ड ॲडिशन केलं आहे’ असं लिहून ब्लँकचा प्रश्न मिटवलेला मी पाहिला आहे. तो मिटत नाही. आणि लोखंडापुढे जाऊन सगळी मूलद्रव्यं मोजाल तेव्हा एकाच द्रावणात सगळी राहत नाहीत. नुसत्या नायट्रिकमध्ये कथील आणि अँटिमनी बसतात, त्यांना सावरायला हायड्रोक्लोरिक घातलं की चांदी खाली बसायला लागते. दोन वेगळी द्रावणं करा.

तांबं आधीच बाजूला काढून मग मोजण्याच्या पद्धतीही आहेत. अमोनियात तांबं निळं द्रावण होऊन राहतं आणि लँथॅनमच्या हायड्रॉक्साइडसोबत बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम खाली येतात. फार उपयोगी आहे, फक्त लोखंडासाठी नको. प्रत्येक रसायनासोबत नवा ब्लँक येतो आणि लोखंड कुठल्या रसायनात नसतं? जर्मेनियमवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांचा मुख्य धातूच क्लोराइड होऊन ८४ अंशांना उडून जातो आणि मागे अशुद्धी उरतात.

जीडीएमएसचं बलस्थान एकच, पण मोठं. ॲसिड नाही, बीकर नाही. घन तुकडाच आर्गॉनच्या डिस्चार्जमध्ये कॅथोड होतो आणि आर्गॉनचे आयन त्याचा पृष्ठभाग अणू-अणूने उडवतात. पहिला अर्धा-एक तास जे उडतं ते मोजतच नाहीत, पृष्ठभागावरची घाण तिथे जाते. रिझोल्यूशन ४,००० च्या आसपास असतं, त्यामुळे ५६ वरची आर्गॉन-ऑक्सिजन जोडी लोखंडापासून सुटी दिसते. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र तेही हात टेकतं. आर्गॉन ४० आणि कॅल्शियम ४० यांत इतका सूक्ष्म फरक आहे की ४४ च्या दुबळ्या समस्थानिकावरच काम भागवावं लागतं.

पण ०.२ या आकड्याला देवाचा शब्द मानू नका. जीडीएमएसचे आकडे सापेक्ष संवेदनशीलतेच्या गुणकांनी काढतात. ते गुणक सरसकट वापरले असतील तर खरा आकडा दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. म्हणजे ०.१ ते ०.४ मध्ये कुठेही. तांब्याच्याच प्रमाणित नमुन्यांवर गुणक बांधले असतील तर अनिश्चितता दहा-वीस टक्क्यांवर येते. हे अहवालात लिहिलेलं नसेल तर विचारा. आणि तुमच्याआधी त्या सोर्समध्ये कुठला नमुना लावला होता तेही विचारा. पोलाद लावलं असेल तर त्याची आठवण बराच वेळ राहते.

दोन्ही पद्धती घासूनपुसून केल्या आणि त्या जुळल्या तर तिसरीची गरज नाही. तरी दोन साक्षीदार सांगून ठेवतो, कारण ते स्वतंत्र आहेत. पहिला न्यूट्रॉन ॲक्टिव्हेशन. १९३६ साली जॉर्ज दे हेवेशी आणि हिल्डे लेव्ही या शास्त्रज्ञांनी दुर्मिळ मृदा धातूंमधलं डिस्प्रोसियम याच रीतीने ओळखलं. नमुना अणुभट्टीत ठेवायचा आणि किरणोत्सारी झालेल्या अशुद्धींचे गॅमा किरण मोजायचे. यातलं खरं सौंदर्य असं की अणुभट्टीतून बाहेर काढल्यावर पृष्ठभाग ॲसिडने उतरवला की त्यापुढे पडलेली धूळ मोजली जातच नाही, ती किरणोत्सारी नसते. ब्लँकची कटकटच संपते. तांब्याचा स्वतःचा किरणोत्सार १२.७ तासांच्या अर्धायुष्याने ओसरतो, दोन-तीन आठवडे थांबलं की चांदी, अँटिमनी स्वच्छ दिसतात. पण लोखंडाचं जे समस्थानिक यात उपयोगी पडतं, ५८, ते निसर्गात ०.२८ टक्केच आहे. त्यामुळे ०.२ पीपीएम लोखंडाला ही पद्धत तोकडी पडते. आणि तांब्यापासून वेगवान न्यूट्रॉनमुळे कोबाल्ट-६० तयार होतं, तेव्हा कोबाल्टवरही विश्वास ठेवू नये.

दुसरा साक्षीदार विद्युतरोध. खोलीच्या तापमानाचा रोध भागिले द्रव हेलियममधला, म्हणजे ४.२ केल्विनचा रोध. थंडीत अणूंची थरथर जवळपास थांबते आणि उरतो तो अशुद्धींचा आणि स्फटिकदोषांचा रोध. साध्या ऑक्सिजन-फ्री तांब्यात हे गुणोत्तर शंभराच्या आसपास, उत्तम शुद्ध आणि तापवून मऊ केलेल्या तांब्यात हजारांत. डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्स यांनी १९११ मध्ये सोनं आणि प्लॅटिनम सोडून पारा हाती घेतला तो ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो म्हणूनच, आणि त्यात अतिवाहकता, म्हणजे रोध पूर्ण नाहीसा होणं, सापडली. आपल्या प्रश्नाशी याचं नातं आणखी जवळचं आहे. १९३४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला सोन्याचा रोध फार कमी तापमानात घटायच्या ऐवजी पुन्हा वाढताना दिसला. या वाढीचं कारण तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, जपानी भौतिकशास्त्रज्ञ जुन कोंडो यांनी दिलं. धातूत विखुरलेले लोखंडासारखे चुंबकीय अणू इलेक्ट्रॉनना अडवतात. तांब्यातही हेच होतं. म्हणून लोखंडाच्या मागावर असाल तर हा रोध फार बोलका आहे, आणि मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी द्रव हेलियमची सोय आहे. मात्र एक अट. तांबं अगदी कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तापवलेलं असेल तर लोखंडाचं ऑक्साइड होतं, ते कणरूपाने बाजूला पडतं आणि गुणोत्तर कितीतरी पटींनी वाढतं. लोखंड आतच असतं, फक्त इलेक्ट्रॉनच्या वाटेतून दूर झालेलं असतं. गुणोत्तर वाढलं म्हणून लोखंड गेलं असं समजू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते आहे. दोन तुकडे लादीच्या कुठल्या भागातले होते? तांबं गोठताना अशुद्धी सारख्या पसरत नाहीत. चांदी, शिसं, बिस्मथ द्रवात राहणं पसंत करतात, म्हणून जे टोक शेवटी गोठतं तिथे त्या साठतात. लोखंड उलटं वागतं. ते तांब्याचा वितळणबिंदू किंचित वर नेतं आणि आधी गोठणाऱ्या भागात जास्त शिरतं. तेव्हा एक तुकडा साच्याच्या तळाचा आणि दुसरा वरच्या भागाचा असेल तर दोन्ही आकडे काही अंशी खरे असू शकतात. सहा पट फरक यातून पडेल असं मला वाटत नाही, पण दीडपट सहज पडेल. यापुढे प्रत्येक लादीचा तळ, मध्य आणि माथा असे तीन तुकडे घ्या, दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा आणि पिशवीवर भाग लिहा. स्टेपलर वापरू नका.

यंत्र घ्यायचं का? आत्ता नको. आधी एवढंच जमवा: एक सब-बॉइलिंग ऊर्ध्वपातन संच, पन्नासेक पीएफए बाटल्या, १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचं अतिशुद्ध पाणी आणि एक पॉलिप्रॉपिलीनचा लॅमिनार फ्लो बेंच (गाळलेल्या हवेचा संथ झोत सोडणारा ओटा), ज्यात लोखंडाचा एकही स्क्रू उघडा नाही. सब-बॉइलिंगमध्ये ॲसिड उकळत नाही, वरून इन्फ्रारेड दिव्याने नुसतं तापतं. बुडबुडे फुटत नाहीत म्हणून तुषारांसोबत घाण पलीकडे जात नाही. दिवसाला थोडंच ॲसिड मिळतं, पण विकतच्या महागड्या बाटलीइतकं स्वच्छ, आणि कालच काढलेलं. एवढं हाती असलं की मोजणी बाहेरच्या यंत्रावर करून घेता येते. हैदराबादचं एनसीसीसीएम हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं केंद्र याच कामासाठी आहे, आणि तिथेच सी-मेट ही सरकारी संशोधन संस्था अतिशुद्ध धातूंवर काम करते. पुढे दोन-तीन वर्षांनी नमुने वाढले तर सेल असलेला आयसीपी-एमएस घ्या. जीडीएमएस इतकं महाग आहे की रोजचे नमुने असल्याशिवाय परवडत नाही.

सध्याच्या मालाचं काय करायचं? ग्राहकाला दोन्ही कागद दाखवा आणि पडताळणी चालू आहे असं सांगा. थर उतरवून तीन वजनांचा आलेख काढा. उतार ०.२ च्या जवळ आला आणि बेरजेतली बाकी मूलद्रव्यंही बसली, तर पहिल्या अहवालातला आकडा अनिश्चिततेसह, मोजलेल्या मूलद्रव्यांच्या यादीसह आणि ‘वायू वगळून’ असं ठळक लिहून द्या. उतार ०.४ च्या वर गेला तर लोखंड खरंच तांब्यात आहे, आणि मग पुढची चौकशी भट्टीतल्या ग्रॅफाइटच्या मुशीपासून सुरू करू. तिची राख काढून त्यातलं लोखंड मोजून ठेवा.